स्मार्टवॉचची स्क्रीन किती सेकंद जागी ठेवता? माझी बॅटरी रात्रीपर्यंतच मान टाकते

उलटा काटा · सोमवार, रात्री १०:१०

मंडळी, डोक्याला ताप झालाय म्हणून धागा काढतोय. आधी चर्चा झाली असेल तर दुवा द्या, हा बंद करतो.

घड्याळ अमोलेड स्क्रीनचं (जिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजेड पाडतो), ३०० एमएएच बॅटरीचं, वापरून वर्ष होत आलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ती कंपनीच तशी' या वळणाला लागेल. खोक्यावर ४० तास लिहिलंय, मला मिळतात जेमतेम अठरा. सकाळी सातला शंभर टक्के करून मनगटावर चढवतो, रात्री दहाला पंधरावर आलेलं असतं.

पहिल्या दिवसापासून टाइमआउट, म्हणजे स्क्रीन आपोआप विझायची वेळ, ३० सेकंदांवर होता. त्याला कारण आहे. मी हौसेने सायकली दुरुस्त करतो, हात ग्रीसने बरबटलेले असतात. मेसेज आला की मनगट वळवून वाचायचा. मधेच स्क्रीन विझली तर नाकाने टॅप करावं लागतं. हसू नका, केलंय.

गेल्या आठवड्यात मन घट्ट करून ३० चे १५ केले. बॅटरीत फरक तीन-चार टक्के, नाकाचे कष्ट मात्र दुप्पट. आता १० करू की ५? की टाइमआउटच्या मागे लागण्यातच अर्थ नाही?

टिकटिक्या · सोमवार, रात्री १०:२५

एओडी (ऑलवेज-ऑन डिस्प्ले, वेळ सतत दाखवत राहणारी मंद स्क्रीन) बंद आहे का? ब्राइटनेस किती? सिमवालं आहे की नुसतं ब्लूटूथ?

उलटा काटा · सोमवार, रात्री १०:३१

एओडी बंद. ब्राइटनेस ऑटो. नुसतं ब्लूटूथ. जीपीएस आठवड्यातून दोनदा तासभर, पण ते दिवस मी हिशोबात धरलेच नाहीयेत.

अर्धा ओहम · सोमवार, रात्री ११:४८

काटेराव, आकडेमोड करून बघू. मला झोप येत नाहीये आणि तुम्ही आयता विषय दिलात.

३०० एमएएच गुणिले साधारण ३.८५ व्होल्ट, म्हणजे सुमारे ११५० मिलीवॉट-तास. एवढीच शिदोरी. आता स्क्रीन पेटलेली असताना स्क्रीन आणि तिच्यासोबत जागा झालेला प्रोसेसर मिळून १५० मिलीवॉट खातात असं धरू. तुमच्या घड्याळात हा आकडा कमी-जास्त असेल, ब्राइटनेसवर तर फारच अवलंबून असेल, पण अंदाज बांधायला पुरे.

दिवसात १२० वेळा स्क्रीन पेटली आणि दर वेळी पूर्ण टाइमआउट होईपर्यंत पेटून राहिली, तर:

५ सेकंदांवर १० मिनिटं, म्हणजे २५ मिलीवॉट-तास, बॅटरीच्या दोन टक्क्यांच्या आसपास. १५ सेकंदांवर अर्धा तास, साडेसहा टक्के. ३० सेकंदांवर पूर्ण तास, तेरा टक्के.

म्हणजे ३० चे १५ केल्यावर साडेसहा टक्के वाचायला हवे होते. तुमचे वाचले तीन-चार. याचा मी लावलेला अर्थ असा की टाइमआउट पूर्ण होऊन स्क्रीन विझण्याचे प्रसंग तुमच्याकडे दिवसाला साठेकच आहेत. बाकीच्या वेळी ती दुसऱ्याच कारणाने विझते.

आणि मुख्य गोष्ट. सकाळी सात ते रात्री दहा तुम्ही ८५ टक्के उडवताय. खोक्यावरचे ४० तास खरे मानले तर पंधरा तासांत साडेसदतीस टक्के जायला हवेत. जवळजवळ पन्नास टक्क्यांचं भगदाड आहे, आणि तुम्ही तीन टक्क्यांची भेग लिंपताय.

घड्याळवेडी · मंगळवार, सकाळी ७:२०

अर्धा ओहम यांनी नेमकं बोट ठेवलंय. ते 'दुसरं कारण' म्हणजे मनगट खाली जाणं.

बहुतेक घड्याळांत स्क्रीन दोन प्रकारांनी जागी होते: मनगट उचलून, नाहीतर टॅप किंवा बटणाने. मनगट उचलून जागी झाली असेल तर हात खाली नेल्याबरोबर बरीच घड्याळं ती लगेच विझवतात, टाइमआउट संपायची वाट बघत नाहीत. तिथे तुम्ही १५ ठेवा की ३०, दोन-तीन सेकंदांतच खेळ आटोपतो. टाइमआउटला खरा अर्थ येतो तो टॅप केल्यावर किंवा हात तसाच वर धरून ठेवला तर. ॲपल वॉचमध्ये तर हा पर्याय फक्त दोन आकड्यांत मिळतो, १५ सेकंद किंवा ७० सेकंद. मधलं काही नाही.

तेव्हा काटेराव, सेकंद मोजू नका, स्क्रीन किती वेळा पेटते ते मोजा. खरंच मोजा, कागद-पेन्सिल घेऊन. एक तास कामाला बसा, घड्याळ आपणहून पेटलं की एक रेघ, तुम्ही बघायला म्हणून पेटवलं की फुली. सायकलचं काम करताना मोजा, कारण पाना फिरवताना मनगट जसं वळतं तसंच वेळ बघतानाही वळतं. त्या बिचाऱ्या सेन्सरला काय कळणार!

शहाणा उंट · मंगळवार, सकाळी ९:०५

एवढा काथ्याकूट कशाला? आंघोळीला जाताना चार्जरवर ठेवा, येईपर्यंत वीस-तीस टक्के भरतं. रोज चार्ज करायचं उपकरण आहे ते, करा.

घड्याळवेडी · मंगळवार, सकाळी ९:१२

उंटराव, मुद्दा बिनतोड आहे, पण मग त्यांनी घड्याळ घेतलं कशाला? चार्जरला कंपनी मिळावी म्हणून?

मंद वात · मंगळवार, दुपारी १:४०

हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका नवा नाही, म्हणून थोडं अवांतर.

१९७२ साली हॅमिल्टन कंपनीने पल्सर नावाचं पहिलं डिजिटल मनगटी घड्याळ बाजारात आणलं. लाल एलईडीचे आकडे, एरवी संपूर्ण काळी काच. एलईडी इतकी वीज खायचे की वेळ सतत दाखवणं परवडणारच नव्हतं. बटण दाबायचं, जेमतेम सव्वा सेकंद तास-मिनिटं दिसायची आणि पुन्हा अंधार. बटण दाबून धरलं तर सेकंद दिसायचे. म्हणजे स्क्रीन टाइमआउट सव्वा सेकंद, तोही कारखान्यातच ठरवलेला! पुढे मनगटाला झटका दिला की आकडे पेटतील असंही मॉडेल निघालं. 'रेझ टू वेक' म्हणून आज जे मिरवलं जातं ते हेच.

मग एलसीडी आला. तो स्वतः उजेड पाडत नाही, बाहेरच्या उजेडावर दिसतो, त्यामुळे कायम चालू ठेवला तरी वीज नगण्य. सत्तरचं दशक संपेपर्यंत एलईडी घड्याळं मोडीत निघाली. १९८९ चं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू एका बटण-सेलवर सात वर्षं चालतं ते याच जोरावर.

आपण अमोलेड घेतला तेव्हा पुन्हा त्या स्वतः उजेड पाडणाऱ्या आकड्यांकडे गेलो. रंग देखणे झाले, पण दुखणं तेच.

टिकटिक्या · मंगळवार, दुपारी २:०३

मंद वात, भारी माहिती! सव्वा सेकंदात वेळ वाचून व्हायची का पण? मला तर कधीकधी घड्याळ बघूनही किती वाजले ते कळत नाही, पुन्हा बघावं लागतं.

उलटा काटा · मंगळवार, रात्री ९:३५

मोजलं. आज दीड तास एका चाकाचे आरे ताणत होतो, शेजारी कागद. दीड तासात ६२ रेघा आणि ९ फुल्या.

बासष्ट वेळा माझ्या घड्याळाने मला कोणी न विचारता वेळ सांगितली. नट आवळला की पेटतंय, चाक फिरवलं की पेटतंय, कपाळावरचा घाम पुसला की पेटतंय. यातल्या दहा-बारा वेळा मनगट हललंसुद्धा नव्हतं, शर्टाची बाही काचेवरून घासली गेली होती. बाहीच्या स्पर्शाने पेटलं की मात्र पूर्ण १५ सेकंद पेटून राहायचं, बाहीखाली, कोणाला दिसत नसताना. हे बघून सगळ्यात जास्त चडफडलो.

दुसरं म्हणजे बायकोला विचारलं, रात्री काही दिसतं का. ती म्हणाली, "रोजच दिसतं की. तू कूस बदललीस की भिंतीवर काजवा चमकतो. मला वाटलं तुला माहितीये." वर्षभर!

अर्धा ओहम · मंगळवार, रात्री १०:५०

आता रंगत आली. पण आजची रात्र काही करू नका, सेटिंग जसंच्या तसं ठेवा. उद्यापासून दिवसाला एकच बदल, आणि रात्री दहाचा आकडा इथे लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या की बॅटरी टिकेल, पण कशामुळे टिकली ते जन्मात कळणार नाही.

तुमच्या ६२ रेघांबद्दल आणखी एक. खर्च नुसत्या स्क्रीनचा नसतो. स्क्रीन विझलेली असताना मुख्य प्रोसेसर झोपलेला असतो, हालचाल आणि पावलं मोजायचं काम कमी विजेवर चालणारी छोटी चिप बघते. स्क्रीन पेटवायची तर मोठ्याला उठवावं लागतं. तो उठला की वॉचफेस, म्हणजे घड्याळाचा चेहरा, नव्याने रंगवतो, त्यावरचे पावलांचे, नाडीचे, हवामानाचे आकडे ताजे करतो. दोन सेकंदांसाठी पेटलं तरी ही उठाबशी होतेच. म्हणून एका वेळी तीस सेकंद बघणं आणि दहा वेळा तीन-तीन सेकंद उगाच पेटणं हे सारखं नाही. दुसरं महाग पडतं.

काही कंपन्यांनी ही उठाबशी टाळायला दोन वेगळे मेंदूच बसवलेत. २०२४ च्या वनप्लस वॉच २ मध्ये दोन चिप आणि दोन ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. हलकी कामं लहान चिप करते, ॲप उघडलं तरच मोठी उठते. ५०० एमएएचवर १०० तासांचा दावा आहे.

पायवाट · बुधवार, सकाळी ८:१५

मी वेगळ्याच पंथातली. माझं घड्याळ ट्रान्सफ्लेक्टिव्ह स्क्रीनचं आहे, ज्याला एमआयपी म्हणतात. गार्मिन फीनिक्स ७ मध्ये असते तसली. मंद वात म्हणाले त्या एलसीडीचीच शहाणी नात. प्रत्येक पिक्सेलला स्वतःची थोडी स्मृती असते, चित्र बदललं नाही तर पुन्हा पुन्हा रंगवावं लागत नाही. वेळ चोवीस तास समोर, आणि फीनिक्स ७ चा दावा १८ दिवसांचा. जुन्या पेबल स्मार्टवॉचचीही हीच गंमत होती, सतत चालू स्क्रीन आणि आठवडाभर बॅटरी.

आमच्याकडेही टाइमआउट असतो, पण तो स्क्रीनचा नाही, मागच्या दिव्याचा. दिवसा दिवा लागतच नाही. उन्हात तर जितकं ऊन कडक तितकं ठळक दिसतं, अमोलेडच्या बरोबर उलट. रात्रीपुरता पाच सेकंद दिवा.

तोटे आहेत, लपवत नाही. खोलीतल्या मिणमिणत्या उजेडात चित्र पाण्यात भिजल्यासारखं फिकट दिसतं. फोटो बघणं वगैरे विसरा.

टिकटिक्या · बुधवार, सकाळी ८:४४

मला एओडीचं विचारायचंय. माझ्याकडे चालू आहे, कारण मनगट झटकून वेळ बघणं मीटिंगमध्ये फार उद्धट दिसतं. समोरच्याला वाटतं आपण कंटाळलो. (खरंही असतं.) एओडीने नक्की किती जातं?

अर्धा ओहम · बुधवार, सकाळी ११:३०

कंपन्या स्वतःच आकडे देतात, तेच घेऊ.

सॅमसंग गॅलेक्सी वॉच ६: एओडी बंद असेल तर ४० तासांपर्यंत, चालू असेल तर ३० तासांपर्यंत. गार्मिन एपिक्सची २०२२ ची आवृत्ती: हाताच्या इशाऱ्यावर १६ दिवसांपर्यंत, सतत चालू ठेवली तर ६ दिवसांपर्यंत.

वरवर बघितलं तर वाटेल, सॅमसंगचा एओडी काटकसरी, फक्त चौथा हिस्सा घेतो, आणि गार्मिनचा उधळ्या, निम्म्याहून जास्त गिळतो. पण ताशी टक्के काढा. सॅमसंग एओडीविना तासाला अडीच टक्के खातं, एओडीसह सव्वातीनच्या थोडं वर. फरक ०.८. गार्मिन एओडीविना तासाला ०.२६, एओडीसह ०.७. फरक ०.४ च्या आसपास. बॅटऱ्या वेगळ्या, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, तरी एओडीचा खर्च दोन्हीकडे एकाच माळेतला आहे. वेगळा आहे तो बाकीचा संसार. ज्याचा घरखर्चच मोठा त्याला एका दिव्याचं बिल जाणवत नाही, जो पै-पै जपून राहतो त्याला तोच दिवा डोईजड होतो.

म्हणून टिकटिक्या, तुमचं घड्याळ एरवीही रोज चार्ज करावं लागतंच ना? मग एओडी खुशाल ठेवा. रात्री झोपेपर्यंत पुरतंय ना, एवढंच बघायचं. आठवडाभर चालणारं असेल तर मात्र दोनदा विचार करा.

घड्याळवेडी · बुधवार, दुपारी १२:१५

एओडीत पुष्कळ काही कंपनी आधीच करून ठेवते हेही सांगायला हवं. ॲपलने २०१९ च्या सिरीज ५ मध्ये पहिल्यांदा एओडी दिला, तेव्हा बॅटरीचा दावा १८ तासच ठेवला, घटवला नाही. ते जमलं कारण स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजी होण्याऐवजी सेकंदाला एकदाच होऊ शकत होती. वेअर ओएसमध्ये, म्हणजे गूगलच्या घड्याळांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, तर वॉचफेस बनवणाऱ्यांना नियमच आहे, मंद अवस्थेत १५ टक्क्यांहून जास्त पिक्सेल पेटवायचे नाहीत. आणि चेहरा मिनिटाला एकदा बदलतो, म्हणून सेकंदकाटा गायब होतो.

अमोलेडमध्ये काळा पिक्सेल म्हणजे बंद पिक्सेल, वीज शून्य. त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीचा, बारीक काट्यांचा वॉचफेस ही फुकटची बचत. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल, त्यातला निळा सगळ्यात खादाड आणि सगळ्यात आधी म्हातारा होणारा. पांढरा म्हणजे तिन्ही उपपिक्सेल एकदम. लाल-केशरी आकडे डोळ्यांनाही रात्री बरे. पायवाटच्या एमआयपीला मात्र हा नियम लागू नाही, तिथे काळा-पांढरा सारखाच. उलट पांढरी पार्श्वभूमी जास्त स्वच्छ दिसते.

साखरझोप · बुधवार, दुपारी ४:०२

वाचनमात्र होते, पण आता लिहितेच.

माझ्या बाबांना आम्ही घड्याळ घेऊन दिलं, नाडी आणि पडझडीच्या सूचनेसाठी. त्यांच्या हाताला कंप आहे. दोन अडचणी झाल्यात, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. कंपामुळे स्क्रीन दिवसभर लुकलुकते, आणि बॅटरी दुपारीच धापा टाकते. पण त्यांना खरंच काही वाचायचं असतं तेव्हा चष्मा शोधून, डोळ्यांवर चढवून, हात जवळ आणेपर्यंत १५ सेकंद संपलेले असतात. मग ते चिडून घड्याळ काढून ठेवतात. "हे माझ्याशी लपाछपी खेळतंय" म्हणतात.

मी टाइमआउट वाढवला तर बॅटरी आणखी जाणार. कमी केला तर ते घालणारच नाहीत. कुठलं धरू?

अर्धा ओहम · बुधवार, सायंकाळी ६:२०

साखरझोप, दोन्ही धरता येतील. मनगट उचलून जागं होणं पूर्ण बंद करा. फक्त बटणाने जागं होऊ द्या, आणि टाइमआउट असेल तितका मोठा ठेवा.

हिशोब बघा. बाबा दिवसात वीस वेळा बटण दाबून ७० सेकंद बघतात असं धरू. १४०० सेकंद, म्हणजे तेवीस मिनिटं. वरच्याच १५० मिलीवॉटच्या हिशोबाने बॅटरीचे पाच टक्के. आणि सध्या कंपामुळे ४०० वेळा पाच-पाच सेकंद पेटत असेल तर ती झाली तेहेतीस मिनिटं, शिवाय ४०० वेळा प्रोसेसरची उठाबशी. लांब टाइमआउट हा चैनीचा पर्याय वाटतो, पण पेटण्याची संख्या हातात ठेवली तर तोच स्वस्त पडतो.

मंद वात · बुधवार, सायंकाळी ७:०५

साखरझोपताई, एक भर घालतो. बटण कोणतं ते बाबांना बोटाने चाचपून कळलं पाहिजे. कडेला दोन बटणं असतील तर वरच्यावर एखादा खरखरीत ठिपका चिकटवा. टॅपने जागं होणंही बंद करा, कंप असलेल्या हाताने एका टॅपचे तीन होतात आणि भलतंच काही उघडतं. माझं वयही त्याच गावचं, अनुभवाने सांगतो.

उलटा काटा · बुधवार, रात्री १०:०८

आजचा बदल: टॅपने जागं होणं बंद. बाकी सगळं तसंच. रात्री दहाला २१ टक्के. काल १५ होते.

सहा टक्के निव्वळ शर्टाच्या बाहीने खाल्ले होते.

शहाणा उंट · बुधवार, रात्री १०:३०

बाही वर करून ठेवली असती तर सेटिंगही बदलावं लागलं नसतं.

उलटा काटा · गुरुवार, रात्री १०:१५

आजचा बदल: सायकलींना हात लावताना थिएटर मोड. त्यात स्क्रीन मनगट उचलून पेटत नाही, आवाजही बंद, बटण दाबलं तरच पेटते. एरवी दिवसभर मनगटाची सोय चालू. रात्री दहाला ३४.

गैरसोय लिहून ठेवतो, नाहीतर जाहिरात वाटेल. थिएटर मोड काढायला मी विसरलो आणि दोन तास घड्याळाकडे वेड्यासारखा हात झटकत बसलो. बटण कोपराने दाबता येतं हा शोध मात्र लागला. नाक निवृत्त.

घड्याळवेडी · शुक्रवार, सकाळी ७:५०

छान! आता वॉचफेस बघा. कुठला आहे?

उलटा काटा · शुक्रवार, सकाळी ८:०२

एका ॲपमधून उतरवलेला. मागे ढग सरकतात, सेकंदकाटा सरसर फिरतो, खाली हवामान, पावलं, नाडी, चंद्राची कला, फोनची बॅटरी…

घड्याळवेडी · शुक्रवार, सकाळी ८:०४

पुढचं सांगू नका. कळलं.

टिकटिक्या · शुक्रवार, सकाळी ९:२०

चंद्राची कला कशाला हो? खिडकी नाही का?

उलटा काटा · शुक्रवार, रात्री १०:२२

ढग गेले, चंद्र गेला. काळ्यावर चार पांढरे आकडे आणि तारीख, घड्याळाबरोबर आलेला साधाच चेहरा. रात्री दहाला ४४. एका चेहऱ्याने दहा टक्के! मी त्याला तीन आठवडे शोधून निवडलं होतं, त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

आणखी एक सापडलं. पट्टा सैल होता. सैल असला की नाडीचा सेन्सर त्वचेपासून सुटतो, घड्याळाला वाटतं काढून ठेवलं, मग कुलूप लागतं, मग पिन टाकताना स्क्रीन पेटलेली. दिवसातून तीन-चार वेळा व्हायचं, मी त्याला नशीब समजत होतो. एक भोक आवळलं. त्याचा परिणाम उद्या.

अर्धा ओहम · शुक्रवार, रात्री १०:४५

पट्टा आज आवळलात की उद्या? आज असेल तर ते दहा टक्के एकट्या चेहऱ्याचे नाहीत.

उलटा काटा · शुक्रवार, रात्री १०:४७

…आज दुपारी. माफी असावी, मास्तर.

पायवाट · शनिवार, सकाळी ९:३०

आता मूळ प्रश्नाकडे या. टाइमआउट कितीवर ठेवलात?

उलटा काटा · शनिवार, रात्री १०:१९

परत ३० वर. आज दिवसभर ३० होता, रात्री दहाला ४२. पट्ट्याने किती मिळवून दिले आणि ३० ने किती खाल्ले ते मास्तरांनी ठरवावं, मला दोन टक्क्यांचं काही वाटत नाही. ग्रीसच्या हाताने मेसेज शेवटपर्यंत वाचता येतो, याची किंमत माझ्या लेखी त्याहून जास्त आहे.

रात्री झोपेचा मोड आपोआप लागेल असं करून ठेवलंय, त्यात स्क्रीन मनगटाने पेटतच नाही. रात्री अकरा ते सकाळी सात फक्त सात टक्के गेले. खोक्यावरचे ४० तास अजून लांबच आहेत, पण आता दीड दिवसाआड भांडण, रोजचं नाही. बायको म्हणते काजव्याची सवय झाली होती, आता अंधार जास्त वाटतो.

शहाणा उंट · शनिवार, रात्री १०:४०

रोज शून्यापर्यंत जात होतं त्यापेक्षा हे बॅटरीच्या तब्येतीलाही बरं. ॲपल आपल्या घड्याळाच्या बॅटरीबद्दल सांगतं की १००० पूर्ण आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता उरावी अशी तिची बांधणी आहे. आवर्तन म्हणजे शंभर टक्के वापर, मग तो एका दिवसात करा की दोन दिवसांत. निम्मं वापरलं की निम्मंच मोजलं जातं. बघा, मीही कामाचं बोलतो कधीकधी.

साखरझोप · रविवार, सकाळी १०:५५

बाबांचं सांगायचं राहिलं. मनगट बंद, टॅप बंद, फक्त वरचं बटण, टाइमआउट सगळ्यात मोठा. ठिपका म्हणून नेलपॉलिशचा एक थेंब वाळवून चिकटवलाय, मंद वात काकांना धन्यवाद. काल रात्री झोपताना ५० च्या वर बॅटरी होती.

पहिल्या दिवशी त्यांनी बटण दाबलं, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, डोळ्यांवर ओढला आणि घड्याळाकडे बघितलं. अजून पेटलेलंच होतं. मला म्हणाले, "थांबलंय बघ माझ्यासाठी."